सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक

साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांवर गणिताचे किंवा भौतिकीचे शोधनिबंध वाचण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आलाच, तर समीकरणांची पहिली ओळ दिसताच पान मिटून ठेवावे, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. गेल्या वीस वर्षांत आमचा गणिताशी संबंध आला तो उत्तरपत्रिकांवरील गुणांची बेरीज करण्यापुरता. तरीही गेली दोन-तीन वर्षे आम्ही पक्ष्यांच्या थव्यांविषयीचे संशोधन जमेल तसे वाचत आलो आहोत. समीकरणे ओलांडून जावे लागते, हे खरे. पण त्यांच्या आगेमागे जे गद्य असते ते वाचता येते. आणि त्या गद्यात आपल्या शास्त्राच्या दृष्टीने विचार करण्याजोगे बरेच काही आहे, असे आमचे मत झाले आहे. ते येथे मांडतो.

या वाचनाचे निमित्त अगदी स्थानिक आहे. आम्ही सीवूड्सला राहतो. हार्बर मार्गावर नेरुळ आणि बेलापूर यांच्यामधले हे स्थानक. रेल्वेच्या पाटीवर त्याचे नाव ‘सीवूड्स-दारावे’ असे जोडून लिहिलेले असते. त्यातला पहिला शब्द नव्या वसाहतींचा, दुसरा इथल्या जुन्या गावाचा. पाम बीच मार्ग ओलांडून खाडीच्या बाजूस गेले की डीपीएस शाळेमागचे तळे लागते. एनआरआय वसाहतीच्या आणि टी. एस. चाणक्य संस्थेच्या बाजूलाही अशाच पाणथळ जागा आहेत. हिवाळा सुरू झाला की या पाण्यावर फ्लेमिंगो उतरतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत राहतात. मराठीत त्यांना ‘रोहित’ म्हणतात आणि ‘अग्निपंख’ असेही म्हणतात. पक्षी पाण्यात उभा असतो तेव्हा पहिले नाव पुरते. तो पंख पसरून उठतो तेव्हा दुसऱ्याचा अर्थ कळतो.

आमच्या वर्गातल्या, याच भागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने एकदा विचारले होते, ‘‘सर, एवढे पक्षी एकदम वळतात, तर त्यांचा म्होरक्या कोण असतो?’’ प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता, पण त्याला एक साहित्यिक बाजू होती. समूहाची गोष्ट सांगायची म्हणजे आधी नायक शोधायचा, ही कथनाची फार जुनी सवय आहे. थव्याला नायक नसेल, तर थव्याची गोष्ट सांगायची तरी कशी? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना आम्ही ज्या संशोधनापाशी पोहोचलो, ते गणित, भौतिकी आणि संगणकशास्त्र या तिन्हींच्या शिवेवरचे आहे.

त्याची सुरुवात संगणकाच्या बाजूने झाली. क्रेग रेनल्ड्स या संगणकतज्ज्ञाने १९८७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पडद्यावर उडणारे कृत्रिम पक्षी त्याने तयार केले होते आणि प्रत्येकाला तीनच नियम दिले होते : शेजाऱ्यावर आदळू नये, शेजाऱ्यांच्या दिशेशी आपली दिशा जुळवावी, आणि शेजाऱ्यांपासून फार लांब जाऊ नये. थव्याचा आकार कसा असावा, हे कोणालाही सांगितलेले नव्हते. तरीही पडद्यावर थवा दिसू लागला. अडथळा आला की दुभंगून पलीकडे पुन्हा एक होऊ लागला. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटातली वटवाघळे याच पद्धतीने उडाली.

१९९५ साली बुडापेस्टचे भौतिकशास्त्रज्ञ तामाश विचेक आणि त्यांचे सहकारी यांनी हे तीन नियम एकावर आणले. प्रत्येक पक्षी म्हणजे एक बिंदू. त्याचा वेग ठरलेला. दर क्षणी त्याने आसपासच्यांच्या दिशांची सरासरी घ्यायची आणि तिकडे वळायचे, मात्र वळताना थोडी चूक करायची. या चुकीला भौतिकीत ‘नॉइज’ म्हणतात. आपण ‘गोंगाट’ म्हणू. गोंगाट फार असेल तर बिंदू सैरावैरा फिरतात. तो कमी करत नेला की एका मर्यादेपाशी सर्वांची दिशा जुळते. पाण्याचे बर्फ होताना व्हावे, तसे काहीसे हे अवस्थांतर आहे. ते सावकाश होते की एकदम, यावर पुढे वाद झाला. विचेक यांच्या गटाला ते सावकाश होताना दिसले होते. २००४ साली ग्रेग्वार आणि शाते यांनी बिंदूंची संख्या पुष्कळ वाढवून दाखवले की ते एकदम होते, लहान समूहात मात्र ते सावकाश झाल्याचा भास होतो. हस्तलिखितांच्या दोन-चार प्रतींवरून पाठ निश्चित करावा आणि पुढे अधिक प्रती हाती आल्यावर तो बदलावा लागावा, त्यातलाच हा प्रकार.

गणितज्ञांचा आग्रह वेगळा असतो. थवा जमताना पडद्यावर दिसला, एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. २००७ साली फेलिपे कुकर आणि स्टीव्ह स्मेल यांनी एक नवे प्रतिमान मांडले आणि कोणत्या अटींवर सर्व पक्ष्यांचा वेग अखेरीस एक होणारच, हे सिद्ध केले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे : दूरच्याचा प्रभाव अंतराबरोबर बेताने घटत असेल, तर सुरुवात कशीही असो, एकमत अटळ आहे, तो फार वेगाने घटत असेल, तर सारे सुरुवातीच्या स्थितीवर अवलंबून राहते.

मग खऱ्या पक्ष्यांचे काय? रोममध्ये हिवाळ्याच्या संध्याकाळी स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे मुख्य रेल्वे स्थानकाजवळ जमतात. आपल्याकडे ज्वारीच्या शेतांवर उतरणाऱ्या भोरड्या या त्यांच्या नात्यातल्याच. इटलीतील संशोधकांच्या एका गटाने तिथल्या संग्रहालयाच्या गच्चीवरून एकाच क्षणी अनेक कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेऊन थव्यातल्या प्रत्येक पक्ष्याचे स्थान त्रिमितीत निश्चित केले. या गटात जॉर्जो पारिसी होते, ज्यांना पुढे २०२१ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. गटाचा २००८ सालचा निष्कर्ष असा, की पक्षी ठराविक अंतरातल्या सर्वांकडे पाहत नाही. तो सर्वांत जवळच्या सहा-सात जणांकडे पाहतो, मग ते हातभर अंतरावर असोत की त्याहून लांब. थवा विरळ झाला तरी सहा-सात शेजारी सुटत नाहीत. म्हणून ससाणा झडप घालतो तेव्हा थवा ताणला जातो, पण तुटत नाही. म्होरक्याच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर हे असे होते : म्होरक्या नाही, शेजारी आहेत.

या सगळ्या वाचनात आमच्या मनात घर करून राहिलेला सिद्धांत मात्र वेगळाच आहे. १९६६ साली भौतिकीत असे सिद्ध झाले होते, की एका सपाट पृष्ठभागावर आपापल्या जागी स्थिर असलेले बाण केवळ शेजाऱ्यांकडे पाहून वळत असतील, तर जराशा गोंगाटानेही त्यांचे दूरवरचे एकमत टिकत नाही. जवळच्यांचे जुळते, लांबच्यांची दिशा हळूहळू भरकटत जाते. १९९५ साली जॉन टोनर आणि युहाइ तू यांनी विचारले, की मग सपाट पृष्ठभागावरच चालणारे विचेक यांचे बिंदू एकमताने कसे चालतात? त्यांचे उत्तर असे, की ते चालतात म्हणूनच. स्थिर बाणाचे शेजारी कायम तेच. चालणाऱ्याचा शेजारी घटकाभराने दुसऱ्याचा शेजारी होतो आणि दिशेची खबर आपल्याबरोबर घेऊन जातो. जागच्या जागी उभे असलेल्यांना जे अशक्य, ते वाटचाल करणाऱ्यांना शक्य होते.

हे वाचल्यावर मराठी माणसाला काय आठवेल, हे सांगायला नको. आळंदीहून निघालेली वाट, दिंडीमागे दिंडी, दर मुक्कामावर बदलत जाणारे शेजारी. आमच्यापैकी एकीला त्या रात्री झोप आली नाही. वारीच्या समाजशास्त्रावर एक निबंधच डोळ्यांपुढे उभा राहिला होता. दुसऱ्याने सकाळी चहाच्या वेळी विचारले, की वारकऱ्याला पंढरपूर ठाऊक असते; विचेकच्या बिंदूला ते ठाऊक असते का? नसते. बिंदूंचे एकमत कोणत्याही दिशेवर होऊ शकते. ती दिशा कोणती, हे योगायोगावर सुटते. वारीची दिशा विठ्ठलाने ठरवलेली आहे. ज्या साम्याने एवढा आनंद दिला, ते नेमके वारीच्या गाभ्यापाशीच निसटते.

असाच दुसरा वाद मर्ढेकरांवरून झाला. रेनल्ड्सचे तीन नियम वाचताच संवाद, विरोध आणि समतोल हे मर्ढेकरांचे लयीचे तीन प्रकार आठवणे आम्हांला स्वाभाविक होते. दिशा जुळवणे म्हणजे संवाद, अंतर राखणे म्हणजे विरोध, विखरू न देणे म्हणजे समतोल! तीनास तीन जुळले. पण मर्ढेकर बोलत होते ते कलाकृतीच्या घटकांमधील आणि रसिकाच्या जाणिवेला प्रतीत होणाऱ्या संबंधांविषयी; रेनल्ड्सचे नियम सांगतात, की पुढच्या क्षणी काय करायचे. एक आस्वादाचे विश्लेषण आहे, दुसरी आज्ञावली. संख्या जुळली म्हणून अर्थ जुळत नाही. आपल्या समीक्षेत विज्ञानातील संज्ञा ज्या सैलपणाने येतात (सापेक्षता, अनिश्चितता, एन्ट्रॉपी, कृष्णविवर), त्याचे मूळ अशाच जुळणीत आहे, असे आम्हांला वाटते.

मग साहित्याच्या अभ्यासकाने या संशोधनाकडून घ्यायचे ते काय? आमच्या मते त्याचे उत्तर मराठीतच, आणि तेही तेराव्या शतकापासून उपलब्ध आहे. एम. ए. ला आपण ‘दृष्टांतपाठ’ शिकतो आणि शिकवतो. चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांची केसोबासांनी केलेली ही मांडणी त्रिपदरी आहे : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सिद्धांताचे संक्षिप्त वचन. दृष्टांत म्हणजे लौकिकातली छोटी गोष्ट. आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीतले काय कोणाला लागू करायचे याचा उलगडा. जन्मांध माणसांनी हत्ती चाचपला, ही गोष्ट सर्वांच्या लक्षात राहते. पण केसोबासांना ती तेवढ्यावर सोडायची नव्हती. गोष्ट संपल्यावर तिचा हिशेब द्यावा लागतो, हे त्यांनी जाणले होते.

विचेक किंवा टोनर-तू यांचे निबंध आम्ही या चौकटीत वाचू लागलो आणि ते बरेच उलगडले. समीकरण हे सूत्र. ‘सूत्र’ हा शब्द तर आपण दोन्हीकडे वापरतोच. बिंदूंचा पडद्यावरचा खेळ हा दृष्टांत. खरा थवा जिथे येतो ते दार्ष्टांतिक. या लेखकांची थोरवी आम्हांला दिसली ती अशी, की दृष्टांतातून काय काय वगळले आहे याची यादी ते स्वतःच देतात. आमचे पक्षी बिंदू आहेत, ते भुकेले नसतात, त्यांचा वेग बदलत नाही, वारा नाही, जमीन नाही, असे ते सांगतात आणि मगच पुढे जातात. रूपकाला ही सवय नसते. रूपक जे साम्य दाखवते त्याच्या प्रकाशात भेद दिसेनासा होतो. किंबहुना भेद विसरायला लावणे हीच त्याची शक्ती. ज्ञानेश्वर एका दृष्टांतावर थांबत नाहीत, दुसरा देतात, तिसरा देतात. प्रत्येक दृष्टांत कुठेतरी अपुरा पडतो याची ती जाणीव असावी. प्रतिमान हे आपली अपूर्णता जाहीर करणारे रूपक आहे, अशी व्याख्या आम्ही आमच्यापुरती केली आहे.

एवढ्यावर हा विषय वाङ्मयीन राहिला असता. पण आमच्या दृष्टांताला एक तळे आहे.

थव्यांच्या भौतिकीतला आणखी एक निष्कर्ष मोजणीविषयी आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी एखाद्या जागेत सरासरी दहा हजार असतील, तर त्यांच्या संख्येतला चढउतार शंभराच्या आसपास असतो; हे संख्याशास्त्र शाळेतही शिकवतात. श्रीराम रामस्वामी, अदिती सिंहा आणि टोनर यांनी २००३ साली असे मांडले, की स्वतःहून हलणाऱ्या आणि परस्परांना पाहून वळणाऱ्या काही समूहांत हा चढउतार खुद्द संख्येच्याच प्रमाणात वाढू शकतो. २००७ साली विजय नारायण, रामस्वामी आणि नारायणन मेनन यांनी तांब्याच्या तारेचे, लाटण्यासारखे टोकांना निमुळते केलेले तुकडे कंप पावणाऱ्या तबकडीवर पसरून हे दाखवून दिले. जिथे तुकड्यांची दाटी होती तिथे थोड्या वेळाने जागा मोकळी, आणि मोकळ्या जागी दाटी. तुकड्यांना ना मन, ना पंख. तरीही थव्याचा हा गुण त्यांच्यात उतरला.

हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून डीपीएसच्या तळ्यावर ठेवणे म्हणजे पुन्हा वारीचाच मोह. तळ्यावरच्या रोहितांची संख्या एका दिवसात बदलते त्याचे मुख्य कारण निराळे आहे. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी तिथे चरतात. भरतीने तो चिखल बुडाला की ते आतल्या तळ्यांवर विसाव्याला येतात. पण या दोन्हींतून निघणारी सावधगिरीची सूचना एकच आहे : थव्याबाबत एका दिवसाची, एका वेळेची संख्या हा पुरावा नव्हे. हे लक्षात घेतले नाही, तर ओहोटीच्या वेळी तळ्याकाठी उभे राहून ‘इथे पक्षी नाहीतच’ असे प्रामाणिकपणे म्हणता येते. आणि ज्या शहरात दर चौरस फुटाला भाव आहे तिथे ‘इथे पक्षी नाहीत’ या वाक्याचे परिणाम व्याकरणापुरते राहत नाहीत.

२०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत याच तळ्याच्या परिसरात अनेक रोहित मृत वा जखमी अवस्थेत सापडले. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्यामुळे तळे आटत चालले होते. त्याच वर्षी २० मे रोजी घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित मरण पावले. प्रतिमानातल्या बिंदूला पाणी लागत नाही, त्याच्या आकाशात विमान नसते. हा प्रतिमानाचा दोष नव्हे. त्याने ते आधीच सांगून ठेवले आहे. पण कोणीतरी ती वगळलेल्यांची यादी वाचून तिचा एकेक शब्द परत जागेवर ठेवायला हवा.

विज्ञान हेही काम करते, याचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात विक्टर ऑर्टेगा-हिमेनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. फ्लेमिंगो चोच पाण्यात उलटी धरून नुसते गाळत असतात, अशी आपली समजूत. प्राणिसंग्रहालयातल्या चिली देशीच्या फ्लेमिंगोंचे चित्रण, त्रिमितीय मुद्रणाने बनवलेल्या चोचीच्या आणि पायांच्या प्रतिकृती आणि प्रवाहांचे संगणकीय गणित यांतून असे दिसले, की हा पक्षी पाण्यात भोवरे निर्माण करतो. पाय आपटून तो तळचा गाळ उठवतो. मान झटक्याने वर घेऊन लहानशी वावटळ तयार करतो. आणि चोचीची टोके सेकंदाला सुमारे बारा वेळा थरथरवतो. केवळ या थरथरीने चोचीत येणाऱ्या सूक्ष्म कोळंब्यांचे प्रमाण प्रयोगात सातपट झाले. इथे पक्षी बिंदू राहिलेला नाही. त्याला भूक आहे, पायाखाली गाळ आहे, आणि त्या गाळाच्या वर एका ठराविक उंचीचे पाणी आहे. ते पाणी नसेल तर भोवरा नाही. प्रवाहांचे हे गणित तळ्याच्या बाजूने, न बोलता, साक्ष देते.

ठाणे खाडी २०१५ साली रोहितांचे अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ साली तिचा समावेश रामसर स्थळांत झाला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. ही मंजुरी केवळ शोधनिबंधांनी मिळवलेली नाही. त्यामागे वर्षानुवर्षे तळ्याकाठी उभे राहून, भरती-ओहोटीच्या वेळा वहीत टिपून पक्षी मोजणारी माणसे आहेत. पत्रे लिहिणारी, बुजलेल्या वाटांची छायाचित्रे काढणारी माणसे आहेत. त्यांतल्या कित्येकांनी विचेकचे नावही ऐकले नसेल. पण एका दिवसाच्या संख्येवर विश्वास ठेवू नये, हे त्यांना ठाऊक होते.

दृष्टांतपाठाविषयी एक गोष्ट आपण वर्गात सांगतो आणि सहसा तिथेच सोडून देतो. सूत्र आणि दृष्टांत हे चक्रधरांचे. दार्ष्टांतिक मात्र केसोबासांचे. म्हणजे सिद्धांत आणि गोष्ट सांगणाऱ्याकडून आली, तिचा हिशेब लावण्याचे काम ऐकणाऱ्याने केले. थव्यांच्या संशोधनातही वाटणी अशीच असावी, असे आम्हांला वाटू लागले आहे. सूत्रे बुडापेस्टहून, रोमहून, बंगळूरहून येतील. दृष्टांत संगणकाच्या पडद्यावर उडतील. तळ्याच्या काठी राहणाऱ्या आणि भाषा वाचण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसांकडे उरते ते दार्ष्टांतिक. दिलेले साम्य कुठवर चालते आणि कुठे थांबते, काय वगळले आणि ते कोणाचे होते, हे विचारणे आपल्याच शास्त्राचे काम आहे. त्यासाठी समीकरण सोडवता यावे लागत नाही. समीकरणाच्या आगेमागचे गद्य मात्र न मिटता वाचावे लागते.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढे हे सगळे सांगितले. सहा-सात शेजाऱ्यांचा हिशेब तिला आवडला. पण तिचा पुढचा प्रश्न तयारच होता : ‘‘आणि सर, पाण्याची वाट कोणी मोकळी ठेवायची?’’ हा प्रश्न मात्र कोणत्याही प्रतिमानातला नव्हता.